रेषेअलीकडचं शून्य

"शून्य! आजही शून्य!"

रेषानंद महाराजांनी मोबाइल उंच धरला आणि पंचवटीतल्या त्या अरुंद गल्लीत थाळ्यांचा गजर झाला. लॉकडाऊन नुकतंच सैल झालं होतं. दुकानांची शटरं वर गेली होती, भाजीबाजारात रिक्षांची दाटी होऊ लागली होती आणि शहरात करोनाच्या रुग्णांचा आकडा रोज चढत होता. या गल्लीचा आकडा मात्र शून्यावर ठाण मांडून बसला होता. कारण गल्लीच्या तोंडाशी महाराजांनी हळद आणि भस्माची जाडजूड लक्ष्मणरेषा ओढली होती.

"कामाधंद्याला जा, बाजारहाट करा, रेषा आडवी येणार नाही!" महाराज गरजले. "पण तपासणीसाठी ओलांडलीत की रेषा बाटली! मग माझी जबाबदारी नाही!"

रेषेला एवढं बारीक कसं कळतं, हे कुणी विचारलं नाही. महाराजांचा स्वतःचा मास्क हनुवटीवर लोंबत होता. बहुधा मंत्र अडायला नकोत म्हणून.

सुमेधा वरच्या गॅलरीतून हे बघत होती. मे महिन्यात तिचा नवरा करोनाने गेला. गल्लीतला नोंदलेला शेवटचा रुग्ण तोच, त्यामुळे तिचं घर अपशकुनी ठरलं. दूधवाला पिशवी खालच्या पायरीवर ठेवून पळायचा. ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. आता मोबाइलसमोर बसून काळ्या चौकोनांना शिकवत होती. संध्याकाळी घरात स्वतःचाच आवाज ऐकून ती दचकायची.

समोरच्या खिडकीतून ढुंढिराजकाका मात्र रोज विचारायचे, "सुमेधा, जेवलीस का गं?" काका पौरोहित्य करायचे, यात्रेकरूंना पंचवटीच्या कथा सांगायचे. त्यांच्या त्या एका प्रश्नावर तिचा अख्खा दिवस निघायचा.

पण कालपासून ती खिडकी बंद होती आणि आतून खोकला ऐकू येत होता. सुमेधाने काकांच्या सुनेला, मृण्मयीला फोन केला.

"साधा ताप आहे हो वहिनी. महाराजांचा अंगारा लावलाय."

"तपासून घे. तपासणी केंद्र शाळेतच आहे, दोन मिनिटांवर."

"नको! आमच्यामुळे शून्य मोडलं तर गल्ली आमच्याशी बोलायची नाही. तुमचं काय झालं ते बघितलंय ना आम्ही."

सुमेधाने फोन ठेवला. रागापेक्षा तिला रडू जास्त आलं, कारण मृण्मयी खोटं बोलत नव्हती. मग तिने महाराजांनी गल्लीच्या ग्रुपवर टाकलेला फोटो पुन्हा उघडला. आरोग्य केंद्र रोज काढायचं त्या तक्त्याचा तो फोटो होता, पण उजवीकडे कापलेला. तिने केंद्राकडून पूर्ण तक्ता मागवला, नवऱ्यासाठी आणलेला ऑक्सिमीटर उचलला, मास्क लावला आणि खाली उतरली.

तिला बघून महाराजांभोवतीची गर्दी चार पावलं मागे सरली. मृण्मयीही दारात येऊन उभी होती.

"महाराज, अर्धाच फोटो का दाखवता? रुग्णांच्या शेजारी तपासण्यांचा रकाना आहे. मृण्मयी, तूच वाच. आपल्या गल्लीत तपासण्या किती?"

मृण्मयीने सुमेधाने पुढे धरलेल्या मोबाइलकडे दुरूनच डोळे बारीक करून पाहिलं. "शून्य."

"मी परीक्षाच घेतली नाही, तर माझ्या वर्गात नापास किती?"

"शून्य!" कुणीतरी फिसकन हसलं.

"म्हणून सगळी पोरं हुशार झाली?"

महाराजांचा चेहरा उतरला, पण जीभ शाबूत होती. "बाईंचा नवरा गेला, म्हणून दुसऱ्यांचं सुख बघवत नाही!"

सुमेधा काकांच्या दाराकडे वळली.

"हो, गेला. आता मला जेवलीस का विचारणारं एकच माणूस उरलंय. तुमच्या शून्यापायी मी त्यांना जाऊ देणार नाही."

ती सरळ काकांच्या घरात शिरली. ऑक्सिमीटरवर शहाऐंशी आकडा आला. "पंच्याण्णवच्या वर हवा होता," ती एवढंच म्हणाली, आणि मृण्मयीने रडत सासऱ्यांची चप्पल पुढे केली.

दोघींच्या आधाराने काका रेषेपाशी आले. महाराज आडवे आले. काका धापा टाकत म्हणाले, "साधूच्या वेशात रेषेपाशी कोण आलं होतं, हे जन्मभर लोकांना सांगत आलो. आणि मलाच ओळखू आला नाही!"

त्यांनी हळदीवर पाय ठेवला आणि ते पलीकडे गेले. त्यांना त्याच दिवशी रुग्णालयात ऑक्सिजन लागला.

मग एकेक घर शाळेत जाऊन तपासून आलं. गल्लीचा आकडा टुणकन वर उडाला. "रेषा बाटली, रोग आला!" म्हणत महाराजांनी गाशा गुंडाळला. काहींना ते पटलंही. अहो, रोग आधीच घरात जेवत-झोपत होता, नुसता दिसत नव्हता! शोधलं आणि सापडलं नाही, ते एक शून्य. शोधलंच नाही, ते दुसरं. दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून विचारायचं असतं.

गल्लीने सुमेधाला माफ केलं नाही. दुधाची पिशवी खालच्याच पायरीवर राहिली आणि समोरची खिडकी बंदच राहिली. ती संध्याकाळी गॅलरीत बसायची आणि न जेवता उठायची.

एका संध्याकाळी खिडकी करकरली. काकांचा आवाज पार बारीक झाला होता.

"सुमेधा, जेवलीस का गं?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"आज गल्लीत किती निघाले?"

"तीन, काका."

काकांनी दम घेतला. "कितीजणांत?"

सुमेधा हसली, डोळे पुसले आणि भात टाकायला आत गेली.