इंची बोल्ट

दादासाहेबांनी मोशीच्या चौकात, चहाच्या टपरीवर, दहा माणसांत सांगितलं, "ज्योतीरामानं माझा बोल्ट हरवला." माझं डोकंच सरकलं. लातूरहून इथं आलो तो पान्हा हातात धरून. या हातून कुणाचं वायसरसुद्धा गेलेलं नाही, आणि हा माणूस मला बोल्टचोर ठरवतोय!

गाडी त्यांची. एकोणसत्तर सालची अमेरिकन मस्टँग, माझ्या गॅरेजात उभी. इंजिन कसं पाहिजे, तर कारखान्यातून निघालं तेव्हा होतं तस्सं. नटबोल्टसुद्धा तेच. रविवारी पुण्यात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं आणि तिथले परीक्षक म्हणे बोल्टांची डोकी बघतात. डोक्यावर तीन रेघा आणि बनवणाऱ्याचं अक्षर असलं तर अस्सल, नाहीतर नंबर विसरा. इंजिनावरच्या मॅनिफोल्डचे सगळे बोल्ट दादासाहेबांनी घरी नेऊन स्वतः डिझेलमध्ये धुतले आणि बिस्किटाच्या डब्यात भरून आणले. गॅरेजात डबा उघडला तर एक कमी. घरून सगळे निघाले होते म्हणे! मग गिळला कुणी? मीच ना.

शोधला हो. चाकणला ट्रक भरभरून बोल्ट बनतात, पण सगळे एमएममधले, हा इंची. भोसरीत इंची मिळाला, तर डोकं कोरं. भंगारवाल्यांकडं पोती उपसली. एक लेथवाला म्हणाला, "रेघा मी मारून देतो, भाऊ." त्यावर दादासाहेब उसळले, "खोटा बोल्ट माझ्या गाडीला नको!" खऱ्याची एवढी चाड, आणि माझ्यावर खोटा आळ घेताना जीभ अडखळली नाही.

शनिवारी त्यांच्या नातीचं बारसं होतं. मी जाणार नव्हतो. बायको म्हणाली, "त्यांच्या लेकीचं, संस्कृतीचं, पहिलं बाळ गेलं होतं. या लेकरानं तुमचं काय केलंय?" गेलो. पाळण्याभोवती बायकांची गर्दी. दादासाहेबांच्या आई, सरुबाई, दुपटं सारखं करायला वाकल्या, त्यांनी उशी उचलली आणि ठण्णकन काहीतरी फरशीवर पडलं. घरंगळत माझ्या पायाशी आलं. डोक्यावर तीन रेघा.

मी बोल्ट उचलून दादासाहेबांपुढं धरला.

"आये, हा तू घेतलास?"

"व्हय. पोरीच्या उशाला लोखंड नगं? इळा ठिवावा, तर रान इकलं तवाच इळा गेला. घरातल्या सुऱ्या समद्या स्टीलच्या, त्यास्नी कुठली बाधा भितीया? तुझ्या डब्यात खरं, राबल्यालं लोखंड दिसलं. सव्वा महिना झाला की जा घिऊन."

संस्कृती बापाच्या हाताकडं बघत राहिली. दादासाहेबांनी बोल्ट रुमालानं पुसला आणि परत उशीखाली ठेवला.

आता तरी माझ्याबद्दल बोलतील, असं वाटलं. आग्रहानं जिलबी वाढली, पण चकार शब्द नाही. वाटेत बायकोपुढं मी त्यांचा मनसोक्त उद्धार केला. आणि रविवारी सकाळी भोसरीचा कोरा बोल्ट मीच बसवला.

प्रदर्शनात परीक्षक वाकला, टॉर्च मारला आणि नेमकं त्याच डोक्यावर बोट ठेवलं. "हा बदललाय."

टपरीवरची सगळी मंडळी गाडीभोवती उभी होती. दादासाहेब मोठ्यानं म्हणाले, "बदललाय. अस्सल बोल्ट माझ्या नातीच्या उशाखाली आहे, माझ्या आईनं ठेवलाय. ज्योतीरामानं तो हरवला असं मी गावभर सांगितलं, ते साफ खोटं होतं."

परीक्षकानं कागदावर फुली मारली. कुणाकडं बघवेना, म्हणून खिशातला पान्हा काढून मी तोच बोल्ट पुन्हा आवळायला घेतला. तो घट्टच होता.