टेबलावरचं पिवळं हेल्मेट

"मी लिवलं होतं सर, आईशपथ," मिथुन सांगत होता. "सील तुटलेलं हाय, गाडी सोडू नका, असं लाल रंगात लिवलं होतं."

"मग फाइलमध्ये का दिसत नाही?" प्रदीप सरांनी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. "कंटेनर न्हावा शेवा बंदरात जाऊन परत आला. पार्टी माझ्या नावाने शंख करतेय."

शेजारच्या टेबलाशी किशोरी मान खाली घालून बसली होती. मिथुनने लिहिलेलं कुठे गेलं, हे त्या ऑफिसात फक्त तिला ठाऊक होतं. ते तिनेच पुसलं होतं.

बंदराजवळच्या द्रोणागिरीतल्या त्या गोदामात कंटेनरची एकच फाइल होती, सर्व्हरवर ठेवलेली, सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर उघडणारी. दोघांनी एकदम भरली तर नंतर सेव्ह करणाऱ्याचं टिकायचं, आधीच्याचं उडायचं. त्यावर उपाय म्हणून किशोरीनेच एक जुनं पिवळं हेल्मेट आणून ठेवलं होतं. ते ज्याच्या टेबलावर, त्यानेच फाइलला हात लावायचा. नव्या माणसाला हसू यायचं, पण हेल्मेटने कधी दगा दिला नव्हता.

काल हेल्मेट मिथुनकडे होतं. नोंद करून तो यार्डात गेला होता. किशोरीला लेकीच्या शाळेत बोलावणं होतं, कामोठ्याची बस गाठायची होती. सकाळीच तिने फाइलची कॉपी स्वतःच्या कॉम्प्युटरवर घेतली होती. तिच्यात आपलं काम भरलं आणि निघताना ती कॉपी सर्व्हरवरच्या फाइलवर चिकटवून दिली. 'जुनी फाइल बदलायची का?' असं कॉम्प्युटरने विचारलंसुद्धा. तिने हो म्हटलं आणि पर्स उचलली.

"उद्यापासून काय, आत्तापासूनच टेबल सोड आणि गेटवर उभा राहा," सर म्हणाले.

मिथुनची आई करंज्याच्या धक्क्यावर मासळी विकायची. आपला पोरगा खुर्चीवर बसून काम करतो, हे ती गिऱ्हाइकाला पापलेटाच्या भावाआधी सांगायची. तिने दिलेली सुकट किशोरीने कितीदा तरी घरी नेली होती. तिला स्वतःची शरम वाटली. ती उठली.

"सर, ते..."

"तुम्ही बसा हो. मिथुन, किशोरीताईंकडून शिक जरा. इतक्या वर्षांत एक चूक नाही."

ती बसली.

मिथुनने डबा पिशवीत टाकला. हेल्मेटवरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसून त्याने ते तिच्यासमोर ठेवलं.

"ताई, हे तुमीच ठेवा. आमच्याकडून काय नीट झालं नाय."

आणि उघड्या डोक्याने तो उन्हात गेटकडे निघून गेला.

दुपारी पलीकडच्या टेबलावरून सुनिताने रोजच्यासारखं विचारलं, "हेल्मेट कुणाकडे आहे?"

किशोरीला 'माझ्याकडे' म्हणता आलं नाही.