आपट्याच्या साहेबाचं नाव

"सोनाबाई, हे तुम्ही केव्हा केलंत?"

"काल सांचे. पावनी येनार म्हून तारंचा बरस मारला, वरून चुना दिला. बरा दिसतो ना, भावसाहेब?"

आपट्यात सोनाबाईच्या घराशेजारचा, नदीकाठचा तो थडग्याचा दगड खरंच झकास दिसत होता. कमळाकरांनी नखाने ताजा चुना खरवडला. खाली दगड गुळगुळीत. गेल्या महिन्यात जुन्या चुन्यावरून बोट फिरवताना इथेच अक्षरांसारख्या तीन-चार उथळ खाचा लागल्या होत्या. तारेच्या ब्रशने घासल्यावर त्या आता कुठेच नव्हत्या.

पनवेलच्या शाळेत बत्तीस वर्षं कारकुनी केल्यावर कमळाकरांना इतिहासाचा नाद लागला. घरातला नळ महिनाभर गळला तरी चालेल, पण तालुक्यातला एकही जुना दगड यांच्या वहीतून सुटायला नको, असं त्यांची बायको शशिकला म्हणे, आणि त्यात काही खोटं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी त्यांना आयर्लंडच्या नोराबाईंची मेल आली. पावणेदोनशे वर्षांपूर्वी बटाट्याचं पीक कुजून तिकडे माणसं भुकेने मरू लागली, तेव्हा नोराबाईंच्या खापरपणजोबांचा धाकटा भाऊ मायकेल घर सोडून निघाला. तो इकडे रस्त्याच्या कामावर मुकादम झाला. त्याचं शेवटचं पत्र आपट्याहून आलं होतं.

खाचा लागताच कमळाकरांनी उत्साहाच्या भरात कळवून टाकलं होतं, 'कबर सापडली. नाव चुन्याखाली आहे.' सत्तरी उलटलेली बाई एवढ्या आधारावर विमानात बसली.

फोन वाजला. टॅक्सी कळंबोलीला ट्रकच्या गर्दीत अडकली होती. ती तिथेच अडकून राहावी असं कमळाकरांना मनापासून वाटलं, आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. ते दगडाभोवती फेऱ्या मारू लागले. नाव होतं, मी वाचलं होतं, असं सांगितलं तर कोण तपासणार? बाई समाधानाने परत जाईल. वहीतही तसंच लिहिता येईल.

"बसा की जरा," सोनाबाई म्हणाली. "माजं काय चुकला का?"

"अहो, नाव होतं त्यावर!"

सोनाबाईचा चेहरा उतरला. "माज्या सासूच्या सासूपासून चुना देतो आमी. नाव हाय म्हून कुनी सांगितलाच नाय." ती घरात निघून गेली. आपण ओरडलो याचं कमळाकरांना फार वाईट वाटलं.

तासाभराने नोराबाई उतरल्या. उंच, किंचित वाकलेल्या, हातात जुन्या पत्राची प्रत. दगडासमोर उभ्या राहून त्यांनी इंग्रजीत विचारलं, "हाच ना तो?"

"माहीत नाही," कमळाकर म्हणाले. "अक्षरं गेली. ती त्याच्याच नावाची होती की नाही, तेही मी कधी वाचलेलं नाही. मी घाईने लिहिलं. मला माफ करा."

नोराबाई नुसत्या पत्राची घडी घालत राहिल्या.

तेवढ्यात सोनाबाई ताट घेऊन आली. तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण. तिने ते दगडापुढे ठेवलं.

"दर आवशेला ठेवतो," ती कमळाकरांना म्हणाली. "आज आवस नाय, पन घरची मानसं आल्यावर त्याला उपाशी कसा ठेवू? नाव ठाव नाय, म्हून आमी नुसता म्हंतो, सायेब, जेवा."

कमळाकरांनी ते, दर अमावस्येच्या ताटासकट, इंग्रजीत सांगितलं. नोराबाईंनी पुन्हा विचारलं, "दर महिन्याला? इतकी वर्षं?" मग त्या ताटाशेजारी मातीतच बसल्या.

"मायकेल," त्या हळूच म्हणाल्या.

सोनाबाईने पदर सारखा केला, दगडाकडे वळून हात जोडले. "मायकल, जेवा."

पुरावा नाही, असं कमळाकरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी चपला काढल्या आणि ते दोघींच्या मागे उभे राहिले.