डीकनचा डावा कान

एकोणीस दिवस झाले, डीकनचा पत्ता नव्हता. एमेट रस्क रोज अंधारात उठायचा, गुडघ्याला पट्टा आवळायचा, कॅमेरा आणि तिकाटणं पाठीवर टाकून दीड तासाची चढण चढायचा आणि त्याच त्या पडलेल्या पाइनच्या ओंडक्यावर जाऊन बसायचा. समोर कुरण, पलीकडे पिवळी पडलेली ॲस्पेनची झाडं, त्यांच्या मागे डोंगराचा दांडा. सप्टेंबर संपत आला होता. एल्कच्या, म्हणजे तिथल्या थोराड हरणांच्या, माजाचे दिवस. खोरंभर नरांच्या शिळा घुमत होत्या, शिंगाला शिंग भिडल्याचे आवाज येत होते. त्यात डीकनची शीळ तेवढी नव्हती.

"म्हातारा गेला असणार," एमेट रोज उतरताना स्वतःशी म्हणायचा. स्वतः सदुसष्ट वर्षांचा, पण बारा वर्षांच्या जनावराला म्हातारा म्हणायची त्याला भारी हौस.

डीकन हे नाव त्यानेच ठेवलेलं. चर्चमध्ये वर्गणीचं ताट फिरवणारे डीकन मान ताठ करून उभे राहतात, तसा हा नर उभा राही. डाव्या डोळ्यावरचं शिंगाचं टोक खाली वाकलेलं. दर हिवाळ्याच्या शेवटी शिंगं गळायची, नवी यायची, तरी ते टोक वाकडं ते वाकडंच. अकरा वर्षं एमेट त्याचे फोटो काढत होता. हजारो काढले, पण हवा तो एक काही मिळाला नव्हता. डीकन शीळ घालतोय, तोंडातून वाफ निघतेय आणि मागून ऊन आलंय. कधी ढग आले, कधी वारा फिरला, कधी एमेटलाच शिंक आली. आता डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, पुढच्या वर्षी ही चढण विसरा. बायको, लिनेट, जाऊन तीन वर्षं झाली होती. वर्षातून तीन आठवडे कोणाची तरी वाट बघायची, एवढंच त्याच्या हाती उरलं होतं आणि तेही आता संपत होतं.

त्याच्या खिशात एक पिपाणी असे. फुंकली की एल्कच्या मादीसारखा बारीक, लाडिक आवाज निघायचा. माजाच्या दिवसांत जनावराला खोटी हाक घालायची नाही, हा फोटोवाल्यांचा नियम. नर आधीच खाणंपिणं सोडून माद्यांमागे धावत असतात, हिवाळ्यासाठी साठवलेली चरबी त्यातच झडते. त्यात खोट्या मादीमागे पळवणं म्हणजे पापच. एमेट हे नवशिक्यांना दमात घेऊन सांगायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

सात वर्षांपूर्वी त्याने पहिल्यांदा ती फुंकली. डीकन आला, वीस पावलांवर आडवा उभा राहिला, मादी शोधू लागला. कॅमेरा खट् वाजला. त्याचा डावा कान आवाजाकडे वळला. दोन-चार वेळा खट् ऐकून तो निघून गेला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. हळूहळू मादी शोधणंही त्याने सोडून दिलं. पिपाणी वाजली की यायचं, आडवं उभं राहायचं, खट् झालं की कान वळवायचा आणि जायचं. एमेटला त्याचा कोण अभिमान!

"माझ्यासाठी थांबतो गं तो," तो लिनेटला सांगायचा.

"मी जेवायला हाक मारते तेव्हा तू येत नाहीस एवढ्या लवकर," लिनेट म्हणायची.

विसाव्या दिवशी दांड्यावरून शीळ आली. घोगरी, शेवटी तुटलेली. एमेटने ती लगेच ओळखली, पण तो आवाज थकलेल्या जनावराचा होता. डीकन झाडांतून बाहेर आला तेव्हा त्याच्या बरगड्या दिसत होत्या. खांद्यावर वाळलेली जखम. मागे एकही मादी नाही. तरण्या नरांनी त्याला हुसकून लावलं होतं. जिवंत आहे म्हणून आनंद मानावा की असा आहे म्हणून रडावं, हे एमेटला कळेना. त्याने पिपाणी फुंकली.

डीकन आला. वीस पावलांवर आडवा उभा राहिला.

ऊन अजून दांड्यावर आलं नव्हतं. खट् केलं की हा जाणार, हे ठाऊक असल्यामुळे एमेटने बोट आवरलं. डीकन थांबला. तो चुळबुळ करू लागला की एमेट पुन्हा हळूच फुंकायचा. अर्धा तास तो खट् होण्याची वाट बघत उभा होता आणि एमेट उन्हाची. मग ऊन आलं. डीकनने मान मागे टाकून शीळ घातली, आणि वाफ सोन्यासारखी उजळली. खट्. डावा कान वळला. डीकन गेला.

एमेट गुडघ्याचं दुखणं विसरून खाली उतरला. पायथ्याच्या दुकानाशी डोरीन प्रूएट आपल्या गाडीत धनुष्य ठेवत होती. दोघं शाळेत एका वर्गात. ती आता गावातल्या शाळेची बस चालवायची. या खोऱ्यातला शिकारीचा परवाना सोडतीने मिळतो. अकरा वर्षं अर्ज करून यंदा तिचं नाव निघालं होतं.

"काय रे म्हाताऱ्या, चेहरा का फुललाय एवढा? वर काय दिसलं?"

"खारी," एमेट म्हणाला. "खारीच खारी."

जागा कोणी विचारली की खोटं बोलायचं, हाही फोटोवाल्यांचा नियमच. हा मात्र त्याने कधी मोडला नव्हता.

"तुझ्या खारींना शिंगं असतात, ठाऊक आहे मला," डोरीन हसली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला तिचा फोन आला. "एमेट, मिळाला रे! मोठा आहे. माझ्या भाच्याला खेचर आणायला पिटाळलंय. तुझा पाय चालत असेल तर ये, मांस उतरवायला माणसं कमी पडतायत."

अशा वेळी या खोऱ्यात कोणी नाही म्हणत नाही. कुठे, ते तिने सांगितलं, तेव्हा एमेट कॉफी तशीच टाकून, सवयीने कॅमेरा पाठीवर घेऊन निघाला. ती चढण त्याने कशी काढली, ते त्याला आठवत नाही. त्या कुरणात दुसरेही नर येतात, असं तो वाटभर म्हणत राहिला.

डीकन ओंडक्यापासून वीस पावलांवर पडला होता. वाकडं टोक गवतात रुतलं होतं.

"बघ, कसला आहे!" डोरीनचे डोळे भरले होते. "एकाच बाणात गेला रे, तडफडला नाही. तुझी जागा आहे ही, मला माहीत होतं. काल तू काही म्हणाला असतास तर आले नसते, खरंच सांगते. पण तू म्हणालास खारी."

एमेटने वाकून टोकाला चिकटलेलं गवत काढलं.

"आणि हाक कोणाकडून शिकले, माहितेय? तुझ्याकडून! ओढ्यावर मासे धरायला यायचे ना, तर वरून तुझी पिपाणी ऐकू यायची. आधी वाटलं, खरीच मादी आहे. मग म्हटलं, मादी एवढी बेसूर नसते. बसमध्ये सराव करायचे, पोरं कानात बोटं घालायची." ती हसली, मग तिचा आवाज उतरला. "एक सांगू? मी या ओंडक्यावर बसून फुंकलं, आणि हा सरळ आला. आडवा उभा राहिला. मी दोरी ओढली तर हात थरथरायला लागला. सोडून दिली, दम घेतला, पुन्हा ओढली. कुठलं जनावर एवढं थांबतं? हा थांबला. कशाची तरी वाट बघत असल्यासारखा. कशाची, देव जाणे."

एमेट ओंडक्यावर बसला. कशाची, ते त्याला ठाऊक होतं. जगात त्या एकट्यालाच ठाऊक होतं.

"मी मारला याला," तो म्हणाला.

"मग अर्धं मांस तुझं," डोरीन म्हणाली आणि तिने त्याच्या पाठीवर थाप मारली. "आधी एक फोटो काढ पण. कॅमेरा आणलायस ना? सुरी लावायच्या आधी काढ. अकरा वर्षं थांबलेय मी."

तिला सांगून काय मिळणार होतं? तिचा काही दोष नव्हता. दोष ज्याचा होता, तो कॅमेऱ्याच्या मागे होता. एमेट उठला. डोरीनने डीकनचं डोकं वाकड्या टोकाला धरून उचललं आणि मांडीवर घेतलं. दांड्यावर लख्ख ऊन होतं, ढग नव्हता, वारा नव्हता. एमेटने भिंग फिरवलं. डोरीन हसली.

खट्.

एमेट डाव्या कानाकडे बघत राहिला.

"आला का नीट?" डोरीनने विचारलं.

"थांब," एमेट म्हणाला, आणि त्याने पुन्हा बटण दाबलं. मग पुन्हा. मग पुन्हा. कान हलला नाही.