दशमीचा भांग

ते वाक्य ऋताने मंगळवारी लिहिलं आणि शनिवार उजाडला तरी ते तिला खुपत होतं. "नोंदी घेणारे खलाशी वारंवार नशेत असत असे वहीवरूनच दिसते, म्हणून ही एकसष्ट पाने विश्लेषणातून वगळली आहेत." मूळ वाक्य इंग्रजीत होतं, व्याकरणाने चोख होतं, आणि तिचे प्रमुख डॉक्टर टॅन यांनी त्यापुढे हिरवी खूणही केली होती. शोधनिबंध सोमवारी संध्याकाळी जायचा होता.

ऋता क्लेमेंटीजवळच्या विद्यापीठात समुद्राच्या जुन्या पातळ्यांवर काम करत होती. दोन वर्षांपूर्वी तिला पुण्याहून इथे बोलावून घेतलं ते या एकसष्ट पानांसाठीच. सिंगापूरच्या सामुद्रधुनीत भरती-ओहोटीचं पाणी किती चढतं आणि किती उतरतं, हे खांब रोवून चौदा महिने मोजल्याची इतकी जुनी नोंद तिच्या माहितीत दुसरी नव्हती. ही पानं गेली तर आलेख पन्नास वर्षं उशिरा सुरू होणार. जूनमध्ये तिची नेमणूक संपत होती. दोन वर्षांच्या कामातून मग हाती उरणार ते फक्त काय वगळलं याचा एक परिच्छेद.

पानं लेफ्टनंट एडमंड थॉर्नली याची. हा माणूस एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, बाराव्या वर्षी, ब्रिटिश आरमाराच्या जहाजावर चढला. सोळाव्या वर्षी लढाईत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. एकोणिसाव्या वर्षी परीक्षा देऊन तो लेफ्टनंट झाला, आणि दोन वर्षांत युद्धच संपलं. शिडांची शेकडो जहाजं बंदरात उभी राहिली, अधिकारी घरी बसले. ज्यांचे मामा-काका वर होते ते पुढे सरकले. थॉर्नलीला कोणी मामा नसावा. त्याने समुद्राची खोली मोजण्याचं काम मागून घेतलं, जे फारसं कोणाला नको असे, आणि अडतिसाव्या वर्षी, लेफ्टनंटच राहून, तो एक भाड्याचं लहान जहाज घेऊन सिंगापुरात उतरला. त्याच्या बरोबरच्या गोऱ्या खलाशांतले बरेच तापाने गेले. मग खांबापाशी बसवायला त्याने मुंबईहून आलेला एक तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, आणि त्याच्या हाताखालचे बारा जण घेतले.

वहीची दोन दुखणी होती. पहिलं असं की पानं कधीतरी सुटून पत्त्यांसारखी पिसली गेली होती, आणि नंतर बांधणाऱ्याने कडा सारख्या करताना वरच्या तारखा छाटून टाकल्या होत्या. एका पानावर एक आठवडा. चौदा महिने कोणते ते ठाऊक होतं, पण पानांवर वार शिल्लक, तारीख गायब. दुसरं दुखणं समासात होतं. तिथे थॉर्नलीच्या बारीक अक्षरात काही दिवसांपुढे लिहिलेलं असे: "तांडेल: Bang 8". किंवा Bang 9, Bang 10. भांगेचं जुनं इंग्रजी स्पेलिंग तेच. आणि त्या दिवसांच्या नोंदीत पाणी जेमतेम चढलेलं, जेमतेम उतरलेलं.

"बारापैकी दहा जण भांग खाऊन पडलेत," डॉक्टर टॅन म्हणाले होते. "खांबाकडे बघणार कोण? कोणीतरी अंदाजे आकडे भरलेत."

थॉर्नलीच्या वरिष्ठांनीही तसंच वाचलं होतं. तपासणीला आलेल्या कॅप्टनने शेरा मारला होता की लेफ्टनंट आपल्या खलाशांना नशा करू देतो, वर वहीत लिहूनही ठेवतो. खुलासा मागितला तेव्हा थॉर्नलीने एकाच ओळीत उत्तर पाठवलं, आणि ती ओळ ऋताला पाठ झाली होती: "It is my tindal's word, and I keep it." तांडेलाचा शब्द आहे आणि मी तो पाळतो. म्हणजे दोघांमध्ये काही ठरलं होतं, काहीतरी झाकायचं होतं, असं सगळ्यांनी धरलं. थॉर्नलीला पुढे स्वतंत्र जहाज मिळालं नाही. म्हातारपणी निवृत्तांच्या यादीत कमांडर ही पदवी तेवढी लागली, आणि तो इंग्लंडच्या किनाऱ्यावर भाड्याच्या खोलीत वारला.

ऋताला एक गोष्ट खटकत होती. आकडे सातच्या खाली कधी जात नव्हते. माणसं नशा करतात तर एखाद्या दिवशी दोघे करतील, तिघे करतील. इथे सात ते अकरा, बस. पण खटकणं हा काही पुरावा नसतो. पाण्याचे छोटे आकडे म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मधल्या दिवसांचं मंद पाणी असू शकतं, हे तिलाही कळत होतं. पण तारखाच नसताना आकड्यांवरून पानं लावायची आणि मग लावलेल्या पानांवरून आकडे खरे म्हणायचे, ही स्वतःचीच फसवणूक झाली. बाहेरचा साक्षीदार हवा होता. तो नव्हता. म्हणून तिने ते वाक्य लिहिलं.

शनिवारी साडेदहाला ती चहा करायला स्वयंपाकघरात आली. क्लेमेंटीच्या या फ्लॅटमधली एक खोली तिने भाड्याने घेतली होती. घर नंदाकाकूंचं. मूळच्या हर्णैच्या, दर्यावर वाढलेल्या. उल्हासकाका जहाजावर चीफ इंजिनिअर, वर्षातले सात महिने पाण्यावर. काकू मार्केटातून आणलेला पापलेट साफ करत होत्या आणि ओट्यावर ठेवलेल्या फोनच्या स्पीकरवरून हर्णैच्या भावाशी बोलत होत्या. टेबलाशी त्यांची मधुरा, सतरा वर्षांची, कानावर हात ठेवून अभ्यास करत होती.

"विलास, आज घरी कसा तू? या वेळेला तर फोन उचलत नाहीस कधी."

"काय करू जाऊन?" पलीकडून आवाज आला. "भांग हाय. दशमीचा भांग. पाण्याला ओढच नाय, जाळ्यात काय येनार? डोंबल?"

"मग झोप काढ."

"झोपच काढतोय. तू उठवलंस."

"मम्मी, स्पीकर बंद कर लाह," मधुरा इथल्या सिंगापुरी लकबीत म्हणाली. "होल ब्लॉक कॅन हिअर."

"ऐकू दे ब्लॉकला. माझा भाऊ आहे, चोर नाही."

ऋता चहाचं भांडं हातात घेऊन उभी राहिली. भाऊ तिकडे सकाळी आठ वाजता भांग घेऊन पडलाय आणि बहीण त्याला झोप काढ म्हणतेय, हे तिच्या मनात आलं, आणि लगेच दुसरं काहीतरी अडखळलं. तो म्हणाला, दशमीचा भांग. दशमीची नाही, दशमीचा. पिण्याची असते ती भांग. केसांत पाडतात तो भांग. हा तिसराच कोणीतरी होता.

काकूंनी फोन ठेवला. ऋता म्हणाली, "काकू, भांग म्हणजे?"

"म्हणजे?"

"विलासमामा म्हणाले ना, दशमीचा भांग."

काकूंनी सुरी खाली ठेवली आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "समुद्रावर पीएचडी केलीस ना गं तू? का डबक्यावर?"

"सांगा ना."

"अगं, पुनवेला-अवसेला पाणी फुगतं ते उधाण. आणि सप्तमी-अष्टमीपासून एकादशीपर्यंत पाणी मरतं तो भांग. पाणी चढत नाही, उतरत नाही, आपलं आळशासारखं पडून राहतं. बोटी बांधून ठेवतात लोक."

"आम्ही त्याला नीप म्हणतो."

"तुम्ही म्हणा. आमच्याकडे भांग."

ऋताने भांडं ओट्यावर ठेवलं. "आणि अष्टमीचा भांग, नवमीचा भांग, असं आकड्याने म्हणतात?"

"तिथीने म्हणतात. रोजचं पाणी वेगळं, मग नाव वेगळं नको?"

"हे पाणी बघून सांगतात की तिथी बघून?"

"पाणी कशाला बघायचं? चंद्र दिसतो, दिवस मोजता येतात. माझा बा बिछान्यातून उठायच्या आधी सांगायचा, आज भांग कितवा ते. पाणी बघून सांगायला खलाशी कशाला हवा? ते पुणेकरही सांगेल."

मधुराने कानावरचा हात काढला होता. "ऋताताई, आर यू क्रायिंग?"

"नाही," ऋता म्हणाली. "वाफ आहे." चहाचं पाणी अजून ठेवलेलंही नव्हतं.

खोलीत जाऊन तिने पानांचे फोटो उघडले. आता डोळा समासावर गेला तसा तो दुसऱ्या एका शब्दावरही गेला. Odan 15. Odan 1. Odan 2. दोन वर्षं या ओडानला त्यांनी माणूस समजून खलाशांच्या यादीत घातलं होतं. डॉक्टर टॅन यांच्या मते तो आयरिश असावा, ओ'डॅन, आणि आकडे त्याच्या पाळीचे. ऋता खुर्चीत मागे टेकली आणि एकटीच हसली. पौर्णिमेचं उधाण, प्रतिपदेचं, द्वितीयेचं. दोन वर्षं ती भरतीच्या पाण्याला आयरिश समजत होती.

तिने पाण्याच्या आकड्यांचा रकाना झाकून ठेवला. तो तिने शेवटपर्यंत उघडायचा नाही असं ठरवलं. हाताशी तीनच गोष्टी घेतल्या: वार, तिथी आणि वारा. वार पानावर होता. तिथी समासात होती. वारा थॉर्नली रोज लिहीत असे, आणि मोसमानुसार त्याची दिशा बदलते, त्यावरून महिने चाळता येत होते. त्या चौदा महिन्यांच्या तिथी गणिताने काढून तिने एकेक पान ठेवायला सुरुवात केली. पहिल्या पानाला तीन जागा निघाल्या, वाऱ्याने दोन कापल्या. दुसऱ्याला दोन, उरली एक. दुपारी काकूंनी दारातून ताट आत सरकवलं. "पापलेट आहे, भांगातला नाही," एवढं बोलून त्या गेल्या.

रविवारी संध्याकाळी सत्तावन्न पानं जागेवर होती. चार पानं काही केल्या बसत नव्हती; त्यांवर शब्दच नव्हता, पाण्याने शाई गेली होती. ती चार तिने बाजूला ठेवली. मग आकड्यांवरचं झाकण काढलं. तांडेलाने भांग म्हटलेल्या प्रत्येक दिवशी खांबावरचं पाणी मंद होतं, उधाण म्हटलेल्या दिवशी चढलेलं, आणि मधले दिवस एकाकडून दुसऱ्याकडे सावकाश सरकत होते. भरतीची वेळही रोज पाऊण-एक तास पुढे जात होती, जशी जायला हवी तशी. कोणी अंदाजे भरले असते तर हे जमलं नसतं. चौदा महिने कोणीतरी त्या खांबापाशी शुद्धीत बसून होतं.

सोमवारी सकाळी डॉक्टर टॅन यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग त्यांनी त्यांच्या सवयीप्रमाणे सर्वांत अवघड जागी बोट ठेवलं. "तांडेलाने आधी खांब बघितला, पाणी कमी दिसलं, आणि मग तुझा तो शब्द सांगितला, असं कशावरून नाही?"

"बसलेल्या प्रत्येक पानावर शब्द सकाळी सहाच्या नोंदीच्याही वर आहे," ऋता म्हणाली. "शाईसुद्धा वेगळी. दिवसाचं पहिलं मोजमाप घ्यायच्या आधी थॉर्नली त्याला विचारत होता. आणि तांडेल चंद्रावरून सांगत होता. दोघं एकमेकांना तपासत होते, रोज."

डॉक्टर टॅन यांनी स्क्रीनवर खलाशांची यादी उघडली. "म्हणजे ओ'डॅन नव्हताच?"

"नव्हता."

"आय लाइक्ड हिम, लाह," ते म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने ते मंगळवारचं वाक्य खोडलं. "पानं आत घे. पण हे सगळं पद्धतीच्या भागात स्पष्ट लिही. माझी चूकही लिही."

"आपली," ऋता म्हणाली.

दुपारी ती पद्धतीचा भाग लिहायला बसली आणि थॉर्नलीच्या त्या ओळीपाशी थांबली. It is my tindal's word, and I keep it. शब्द पाळतो असं तिने वाचलं होतं. आता ती ओळ तिने पुन्हा, अगदी साधी, वाचली. हा तांडेलाचा शब्द आहे आणि मी तो ठेवतो. तसाच ठेवतो. थॉर्नलीला नीप हा शब्द ठाऊक होता. त्याच वहीत, दुसऱ्या कामाच्या पानांवर, त्याने तो वापरला होता. खुलासा मागितला तेव्हा एक भाषांतर करून पाठवलं असतं तरी भागलं असतं, कदाचित जहाजही मिळालं असतं. पण नीप लिहिलं असतं तर तो थॉर्नलीचा अंदाज झाला असता. त्याला साक्षीदाराचे शब्द साक्षीदाराच्याच तोंडचे हवे होते. हे तो वरिष्ठांना का समजावून सांगू शकला नाही, हे ऋताला कळलं नाही. अभिमान असेल. किंवा समजावणं त्याला जमत नसेल. काहींना नाही जमत. तिलाही फारसं जमत नसे.

दोन बोटं कमी असलेला एक माणूस रोज पहाटे दुसऱ्याला विचारतो आहे, आज काय? आणि तो दुसरा, ज्याचं नाव वहीत कुठेच नाही, आकाशाकडे बघून सांगतो आहे, अष्टमीचा भांग. त्या दोघांमुळे तिचा आलेख पन्नास वर्षं आधी सुरू होणार होता.

आभाराच्या भागात तिने पहिलं नाव तांडेलाचं घालायचं ठरवलं. नाव नव्हतं, म्हणून लिहिलं: लेफ्टनंट थॉर्नली यांचा तांडेल, ज्याच्या शब्दावर या निबंधातल्या सत्तावन्न तारखा उभ्या आहेत. मग थॉर्नली. मग नंदा चोगले, क्लेमेंटी, एका शब्दाच्या अर्थाबद्दल.

निबंध पाठवून ती घरी आली आणि काकूंना ते मराठीत वाचून दाखवलं. काकू पोळ्या लाटत होत्या. त्यांनी लाटणं थांबवलं, पुन्हा वाचायला लावलं, आणि मान हलवली.

"माझं नाव काढ."

"का?"

"मी काय केलं? मला तर लहानपणापासून माहीत आहे. विलासचं घाल. विलास पावसे, हर्णै." त्यांनी पोळी तव्यावर टाकली. "उधाण असतं तर तो पाण्यावर असता. भांग होता म्हणून घरी होता, म्हणून फोन उचलला."

ऋताने क्षणभर विचार केला. तर्कात कुठे चूक सापडेना. तिने लॅपटॉप तिथेच टेबलावर उघडला आणि डॉक्टर टॅन यांना कळवलं की दुरुस्त प्रतीत आभारात एक नाव वाढतंय. काकूंचं मात्र तिने काढलं नाही.