चांगुणेचं एकुलतं पाप

चांगुणेला रडू येत नसे आणि त्यापायी तिला प्रभुभोजनाची भाकर मिळत नव्हती.

पुणतांब्याजवळच्या त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत रीतच तशी होती. प्रभूच्या मेजावर बसायचं तर आदल्या दिवशीच्या सभेत उभं राहून आपलं पाप सांगायचं, पश्चात्तापाची साक्ष द्यायची, आणि ती बहुतेक जण रडतच देत. पाळक यशयासाहेब या बाबतीत फार कडक. नवरा शलमोन पुढच्या रांगेत भाकर घ्यायचा आणि चांगुणा मागे बसून बघायची. पन्नाशी उलटली, गुडघे धरले, पण सांगण्याजोगं पाप काही सापडेना. देवाची आपल्यावर माया आहे हे तिला लहानपणीच पटलं होतं आणि तेव्हापासून बाई खुशीत होती. आता खुशीला साक्ष कोण मानतो?

त्या वर्षी ईस्टरला शलमोनशेजारी बसायचंच, असं तिने मनाशी पक्कं केलं. महायुद्धामुळे रॉकेल मिळेना, म्हणून आदल्या दिवशीची सभा दुपारीच भरली. चांगुणा उठली आणि ठणकावून म्हणाली, "म्या सहादेव पाटलाच्या खळ्यावरनं पाटीभर जुंधळं चोरलं."

शलमोनचा आ वासला तो तसाच राहिला. पाळकसाहेबांचे मात्र डोळे भरून आले. "चला," ते म्हणाले, "आत्ताच पाटलांची माफी मागू. पश्चात्ताप नुसता तोंडचा नसावा."

हे काही चांगुणेने गृहीत धरलं नव्हतं. पण निघाली बिचारी, करते काय.

खळ्यावर सहादेव पाटील जोंधळा उफणत होते. सगळं ऐकून ते हसतच सुटले. "पाळकसाहेब, ही कसली चोरती? वाटंत पडलेलं कनीससुदिक माझ्या राशीवर आनून टाकती. कुनी सांगितलं तुमास्नी?"

"तिनंच," म्हणत पाळकसाहेब तिच्याकडे वळले. "बाई, देवासमोर खोटं बोललात?"

चांगुणेची मान खाली गेली. असं तिचं आजवर कधी झालं नव्हतं. "बोलले, साहेब. लई लाज वाटती. पर मला रडूच येत न्हाई, त्याला मी काय करू? जेवाय बोलावनाऱ्याच्या घरी रडतच जायचं व्हय?"

पाळकसाहेबांकडे उत्तर होतं, तेही शास्त्रवचनासकट. पण ते तोंड उघडण्याआधीच पाटलांनी सूपभर जोंधळा चांगुणेच्या पदरात ओतला आणि दुसरं सूप साहेबांपुढे धरलं. "उपरनं पसरा. खळ्यावरनं कुनी रिकाम्या हातानं जात न्हाई."

"अहो, पण मी काय केलंय म्हणून?"

"करायला कशाला पायजे? आलात न्हवं?"

साहेबांनी उपरणं पसरलं. चोरीची माफी मागायला आलेला माणूस जोंधळ्याचं गाठोडं घेऊन परतला, आणि वाटभर त्या गाठोड्याकडेच बघत राहिला.

रविवारी चांगुणा आपणहून मागे बसली. खोटारडीला कोण मेजावर घेणार? पुढून शलमोन सारखा वळून बघत होता, त्याचंच तिला वाईट वाटत होतं. तेवढ्यात पाळकसाहेब भाकरीचं ताट घेऊन सगळ्या रांगा ओलांडत थेट तिच्यापाशी आले.

"पश्चात्ताप झालाय, साहेब," ती पुटपुटली. "कालच्या खोट्याचा. दुसरं काय अजून सापडत न्हाई."

"तो झाला नसता तरी दिली असती," साहेब म्हणाले आणि त्यांनी तिच्या तळहातावर भाकरीचा तुकडा ठेवला.

शलमोन पुढच्या रांगेतून उठला आणि मागे तिच्याशेजारी येऊन बसला.