सर्व्हरला लागलेली दृष्ट

सेवस्तीमावशीला तिसरी जांभई आली, तसा काउंटरपलीकडचा जमावसुद्धा गप्प झाला. धक्क्यावर जहाज भोंगा देत होतं. तिकीटघरात बोचकी, पोरं आणि पिंजऱ्यातला एक पोपट घेऊन माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती, आणि बराच वेळ एकही तिकीट छापून निघालं नव्हतं. सगळे काउंटरवाले आपापली यंत्रं बंद करून आतल्या खोलीत, दार सताड उघडं ठेवून, सर्व्हरच्या कपाटापुढे उभे होते. मावशीने पाण्याच्या ताटलीत ऑलिव्हच्या तेलाचा थेंब सोडला. तो पसरला.

"बघा. जांभयांवर जांभया येताहेत, म्हणजे जड नजर आहे," डोळ्यांतलं पाणी पुसत मावशी म्हणाली. "निळ्या डोळ्यांची. परगावची."

दुसरा थेंब थोडा पसरला, तिसरा गोल राहिला. मावशीने कपाटावर थू-थू केलं, "जा, लावा यंत्रं," असा हुकूम सोडला, आणि खरोखरच सगळे प्रिंटर एकदम खडखडू लागले. जमावाने टाळ्या वाजवल्या. एका आजीने सर्व्हरकडे पाहून छातीवर क्रूसाची खूण केली.

मी साकेलारी, त्या सर्व्हरचा राखणदार. टाळ्या वाजल्या तेव्हा ताटली माझ्याच हातात होती, कारण ती पुरुषानेच धरायची असा मावशीचा नियम होता.

कालिम्नोस बेटावरची आमची जहाज कंपनी लहानशी. कुठल्या जहाजावर किती जागा उरल्या, कोणाला कुठली दिली, हा सगळा पसारा एका डेटाबेसात असतो आणि तो डेटाबेस त्या कपाटातल्या सर्व्हरवर. जूनपासून तो मधूनच गोठायला लागला. आमचे मालक कप्तान नोमिकोस यांनी आधी मेमरी वाढवली, मग सर्व्हरच नवा आणला. नवासुद्धा गोठला. नव्या यंत्राने गुण येत नाही आणि ताटलीने येतो म्हटल्यावर माझं कोण ऐकणार?

मावशी आमची हेडक्लार्क. त्या उन्हाळ्यात तिचा दबदबा असा वाढला, की कप्तानसुद्धा तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढायचे. मंत्र तिला आजोबांनी दिलेला, बाईने बाईला सांगितला तर त्याची शक्ती जाते म्हणे.

"पण मावशी, यंत्रं कशाला बंद करायची?" मी एकदा विचारलं.

"विजेपुढे मंत्र टिकत नाही, बाळा."

सर्व्हर मात्र चालूच असायचा. त्याची वीज मंत्राला सोसत असावी.

निळे डोळे होते इवांथियाचे. ती जूनमध्येच दूर उत्तरेच्या कास्तोरियाहून आमच्याकडे कामाला आली होती, आणि तिकिटं काढण्यात तिचा हात सगळ्यांत जलद होता. ती सुट्टीवर असली की सर्व्हर सुरळीत, ती कामावर आली की गोठलाच म्हणून समजा. हे खोटं नव्हतं. मी स्वतः पाहिलं होतं, आणि तेच मला डाचत होतं.

आधी तिला काउंटरवर काळा चष्मा लावायला लावला. मग तिची खुर्ची सर्व्हरच्या खोलीकडे पाठ होईल अशी फिरवली. ती जवळून गेली की बाकीच्या पोरी स्वतःच्या छातीवर थू-थू करायच्या. ती राहायची ती खोली मावशीच्या चुलतबहिणीची. त्या बाईने इवांथियाच्या दारावर बाहेरून निळे मणी टांगले, म्हणजे नजर आतल्या आत राहावी. बेटावर दुसरी नोकरी नाही, दुसरी खोली नाही, आणि जिथे जावं तिथे नजरेची बातमी हिच्याआधी पोचलेली.

"बोलले तर उर्मट," एकदा ती मला म्हणाली, "गप्प बसले तर म्हणतात, बघा, कबूल आहे. रडले तर म्हणतील, डोळे आणखीच निळे झाले. तूच सांग, मी करू काय?"

खरं कारण मी शोधायला घेतलं, पण तिथेच अडचण होती. सर्व्हर गोठला की नेमकं मला ताटली धरायला बोलावणं यायचं. परत येऊन पाहावं तर सगळं सुरळीत. चोर पळाल्यावर पंचनामा कसला करणार? शेवटी मी सर्व्हरवर एक पहारेकरी बसवला, म्हणजे एक छोटा प्रोग्राम. गोठल्या क्षणी कोण काम करतंय आणि कोण कुणासाठी खोळंबलंय, एवढंच तो पाहणार होता.

मारियामातेच्या सणाच्या आदल्या दिवशी अख्ख्या देशाला एकाच वेळी घरी जायचं असतं, म्हणून मीही काउंटरवर बसलो होतो. त्याच सकाळी इवांथियाने राजीनामा दिला आणि हातात पिशवी घेऊन ती काउंटरच्या पलीकडे, गर्दीत येऊन उभी राहिली.

"एक तिकीट दे. पिरेयसचं, दुपारच्या जहाजाचं."

मी तिचं नाव टाकलं आणि स्क्रीन गोठली. शेजारची गोठली, पलीकडची गोठली. गर्दीतून आवाज आला, "तिला आधी बाहेर काढा."

कप्तान घाम पुसत आले. "इवांथिया, पोरी, तू धक्क्यावर जाऊन थांब. तिकीट मी आणून देतो."

"नाही, कप्तान. मला जायचंच आहे. पण नजर लावून गेली असं म्हणवून घेऊन मी जाणार नाही. माझ्यासमोर तपासा."

मी पहारेकऱ्याकडे पाहिलं. सर्व्हरवरचा ताण दाखवणारी रेघ जमिनीला टेकली होती. यंत्र दमलं नव्हतं, रिकामं बसून वाट पाहत होतं. आणि सगळे काउंटर एकाच टेबलामागे रांग लावून खोळंबले होते. कुणाचं टेबल ते मी वाचलं आणि तोंड मिटून घेतलं. नुसतं सांगून जांभईपुढे माझा शब्द टिकला नसता.

"कप्तान, मावशींना दृष्ट काढू द्या," मी म्हणालो. "फक्त कुणी आपलं यंत्र बंद करायचं नाही."

"मंत्र बाटेल," मावशी म्हणाली.

"एवढ्या मोठ्या सर्व्हरची वीज सोसतो तुमचा मंत्र. चार स्क्रीनची नाही सोसणार?"

गर्दीत कुणीतरी हसलं. "काढ गं सेवस्ती, जहाज थांबणार नाही," कप्तान म्हणाले.

मावशीने काही कसर ठेवली नाही. जबडा निखळेल अशा जांभया दिल्या, डोळ्यांतून धारा लागल्या, तेल पसरलं, मग गोल राहिलं. "निघाली," ती म्हणाली.

प्रिंटर गप्प. पुढच्या रांगेतला म्हातारा म्हणाला, "कुठे निघाली? आमचं तिकीट तर निघू दे."

"इवांथिया, चष्मा काढ," मी म्हणालो. "आत ये आणि सर्व्हरकडे हवं तेवढं बघत राहा. कप्तान, तुम्ही मावशींच्या टेबलाशी जा. त्यांच्या स्क्रीनवर जे उघडं आहे ते फक्त मिटा."

इवांथियाने उघड्या डोळ्यांनी सर्व्हरकडे पाहिलं. कप्तानांनी जाडजूड बोटाने कळ दाबली, आणि सगळे प्रिंटर एकदम सुरू झाले.  मग त्यांनी ते पान पुन्हा उघडलं, प्रिंटर थांबले. मिटलं, चालू झाले. दिव्याचं बटण सापडलेल्या पोरासारखं त्यांनी ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं.

घरात न्हाणीघर एकच असावं आणि आत गेलेल्याने कडी लावून डुलकी काढावी, तसा हा प्रकार. एकच जागा दोघांना विकली जाऊ नये म्हणून, कुणी एखाद्या फेरीचं पान दुरुस्तीसाठी उघडलं की डेटाबेस त्या फेरीला कडी लावतो आणि बाकीच्यांना थांबवतो. आमची कंपनी लहान, त्यामुळे सगळे काउंटर बहुतेक त्याच एका फेरीची तिकिटं काढत असायचे. मावशीचा नव्या मुलीवर विश्वास नव्हता. इवांथियाने तिकिटं काढली की मावशी ती फेरी दुरुस्तीसाठी उघडायची, चुका शोधायची, आणि पान तसंच उघडं टाकून धक्क्यावर कॉफी प्यायला जायची. इवांथिया सुट्टीवर असली की तपासायला काही नसायचं, म्हणून कडीही नसायची. आज मावशीने, इवांथियाने काल याच दुपारच्या जहाजाची काढलेली तिकिटं तपासायला घेतली होती. आणि दृष्ट काढताना सगळी यंत्रं बंद व्हायची, त्यात मावशीचंही व्हायचं, आणि कडी निघायची. न्हाणीघर अडलेलं असताना आम्ही घर मोठं बांधत बसलो होतो, म्हणून नव्या सर्व्हरनेही काही फरक पडला नाही.

"आणि ते तेल?" म्हाताऱ्याने विचारलं.

"स्वच्छ पाण्यावर पहिला थेंब पसरतो, आजोबा. पाण्यावर तेलाचा पापुद्रा धरला की पुढचे गोल राहतात. घरी करून बघा, मंत्र लागत नाही."

मावशी पडेल आवाजात म्हणाली, "मग मला जांभया का येतात रे?"

"तुम्ही दिलीत की मलाही येते, मावशी. मला कुठे मंत्र येतो?"

ती ताटली घेऊन आत गेली. ढोंगी होती की भोळी, मला आजही नक्की सांगता येणार नाही. त्या मुलीला दोन्हीचा त्रास सारखाच झाला.

नंतर मी प्रोग्राम बदलला. आता नुसतं पाहायला कडी लागत नाही, आणि दुरुस्तीचं पान कुणी विसरलं तर थोड्या वेळाने आपोआप मिटतं.

पण त्या दुपारी इवांथियाचं तिकीट छापून आलं होतं. कप्तान म्हणाले, "थांब ना, पोरी. हे रद्द करतो."

"तपासायला किती वेळ लागला, कप्तान?"

"पाचेक मिनिटं."

"मी अख्खा उन्हाळा काळ्या चष्म्यात काढला. त्यात तुम्हाला पाच मिनिटं मिळाली नाहीत."

 तिने चष्मा काउंटरवर ठेवला, तिकीट उचललं आणि ती जहाजाकडे चालू लागली. गर्दीने तिला वाट दिली. छातीवर थू-थू कुणी केलं नाही.

माझं सांगणं फार नाही. उपाय लागू पडला की टाळ्या वाजवायच्या आधी बघा, त्याच्यासोबत आणखी काय काय घडलं. त्यातलं एकेक वगळून पुन्हा करून पाहा. आणि माणसाकडे बोट दाखवायची वेळ येईल, तेव्हा बोट उचलायच्या आधी हे करा. आमचा सर्व्हर त्या दिवसापासून एकदाही गोठला नाही. सगळ्यांत जलद तिकीट काढणारी मुलगी मात्र आता आमच्याकडे नाही.